कंडक्टरबाईचं बाळंतपण

९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वर सल्ला दिला, राग आला की बोलू नका, लिहून काढा. आयुष्यभर एस.टी. चालवली. तेव्हा राग आला की हॉर्न वाजवायचो. आता हॉर्न नाही. कृषी केंद्राने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. शकुंतलाने ती आणून समोर आपटली आणि म्हणाली, "घ्या. माज्यावर वरडायचं ते आता हिच्यावर वरडा." बायको असावी तर अशी.

तर आजचा राग. खरं म्हणजे राग नाहीच. पुजाचा पुण्याहून फोन आला. एप्रिलमध्ये तिचे दिवस भरतात. म्हणाली, "बापू, डिलिव्हरी इथंच करायची म्हणून राहिलेत सगळे." मी कारण विचारलं नाही, तरी तिने सांगितलं. आपलं न्हाणीघर आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. लाईटचा भरवसा नाही. डास तर उचलून नेतील. आणि गल्लीत असे खड्डे की साधी जीप दारापर्यंत येत नाही, मग ऐनवेळी दवाखान्यात कसं न्यायचं? मी म्हणालो, "बराबर आहे. तिथंच करा." आणि फोन शकुंतलाकडे दिला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एकुलत्या एका लेकीला ते मी सांगायचं का? जाऊ दे. मला काय त्याचं.

संध्याकाळी अंगणात कंडक्टरबाई येऊन पायाशी लवंडली. कंडक्टरबाई म्हणजे आमची मांजर. पांढऱ्या अंगावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका काळा पट्टा आहे, तिकिटाची चामडी पिशवी लटकवल्यासारखा. शकुंतलाने तिच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "पोटुशी हाये की ही. पहिलटकरीण!"

तिथल्या तिथे ठरवलं. या घरात एक बाळंतपण होणार आणि असं होणार की लोकांनी नाव काढावं. उत्तमसिंग राठोडाच्या घरी सोय होते की नाही, ते बघू दे जगाला.

११ जानेवारी, रविवार

मधली खोली रिकामी करायला घेतली. पुजा बारावीपर्यंत तिथेच अभ्यास करायची. पुढे ती शिकायला गेली, लग्न झालं, आणि खोलीत सोयाबीनची पोती आली. पुतण्या नरसिंगला बोलावून सगळी पोती पडवीत काढली.

शकुंतला दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अवो, मांजराला टोपलं लागतं. अख्खी खोली काहून देऊन राहिले? उद्या तिच्या नावानं सातबारा बी करताल."

मी म्हणालो, "पहिलटकरणीला मोकळं लागतं."

"आन् पलंग?"

पलंग आधीपासूनच तिथे आहे, तो काय मी आणला? गादी मात्र पार चपटी झाली होती. ती बद्रुद्दीनकडे नवा कापूस भरायला दिली. बद्रुद्दीन भिंतीपलीकडचा शेजारी, जवळा बाजार गावातला जुना गादीवाला. मांजर पलंगावर चढली तर तिला टोचायला नको, म्हणून.

१४ जानेवारी, संक्रांत

बद्रुद्दीनची बायको अमिनाबी दरवर्षी तिळगूळ घ्यायला येते. आज आली ती तिळगूळ तोंडात टाकून सरळ म्हणाली, "माजी शहजादी कुठंय? न्यायला आले मी तिला."

शहजादी म्हणजे आमची कंडक्टरबाई. ती त्यांच्या कापसाच्या ढिगात जन्मली, हे मी नाकारत नाही. पण पावसाळ्यात ती आपल्या पायांनी भिंत ओलांडून इकडे आली, आमच्या सोयाबीनमधले उंदीर मारले आणि इथलीच झाली. हे मी अमिनाबीला शांतपणे सांगितलं. शकुंतला म्हणते की ओरडून सांगितलं.

"व्हय ना भाऊ, मंग ते झालं तिचं सासर," अमिनाबी म्हणाली. "माहेर आमचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आमच्यात तर सातव्या महिन्यात सातवासा करून लेकीला घरी आणत्यात."

"भाभी, मांजरीला दोनच महिने असत्यात. सातवा कुठून आणताल?"

"महिने कमी असले म्हनून काय तिला माहेर न्हाई का?"

मी म्हणालो, "हे बघा, इथं समदी सोय करून राहिलो मी. माहेरी धाडायची गरजच काय?"

यावर शकुंतला इतकी हसली, इतकी हसली की हातातला तिळाचा लाडू खाली पडून गडगडत मोरीपर्यंत गेला. काय झालं विचारलं तर सांगेना. अमिनाबीही पदर तोंडाला लावून निघून गेली. बायकांना केव्हा कशाचं हसू येईल, देवाला ठाऊक.

१९ जानेवारी, सोमवार

गावात एक लाल बोका आहे. कुठल्या भिंतीवरून कधी टपकेल सांगता येत नाही. मी त्याला चेकर म्हणतो. बोका पिल्लं मारतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना जाळी मारून घेतली. मोठ्या भोकांची जाळी स्वस्तात मिळत होती, पण मी बारीक घेतली. बारीक जाळीतून डास येत नाहीत. मांजरीलाही डास चावत असतीलच की.

दुपारी खोलीला चुना मारला. हात दुखतोय, पण खोली काय उजळली आहे! पुजाचा शाळेतला बक्षिसाचा कप माळ्यावर सापडला. घासूनपुसून कोनाड्यात ठेवला. मोकळा कोनाडा बरा दिसत नव्हता.

२४ जानेवारी, शनिवार

थावरा गवंडी आमच्याच तांड्यावरचा. त्याला म्हणालो, मधल्या खोलीला लागून मागच्या बाजूला एक न्हाणीघर काढ. बाळंतपण म्हटलं की गरम पाणी लागतं, आणि गरम पाणी अंगणापलीकडून आणता आणता गार होतं. थावरा डोकं खाजवत म्हणाला, "मामा, मांजर आंघोळ करत न्हाई. ती चाटून घेती."

"तुला बांधायला सांगितलं का शानपन शिकवायला?"

मग तो मुकाट्याने पाया खणू लागला. न्हाणीघरात संडासही काढायचा ठरला. बाजारात गेलो तर दुकानदाराने विचारलं, साधा पाहिजे की कमोड? मी क्षणभर विचार केला. साध्यावर बसायचं, उठायचं म्हणजे गुडघ्यांवर भार येतो. कमोड घेतला. फरशी निळी घेतली, आकाशी. बराच वेळ दुकानात उभा होतो. पिवळी नको वाटली. निळा रंग पुजाच्या आवडीचा आहे, त्यामुळे डोळ्यांना सवय आहे.

घरी आल्यावर शकुंतलाने कमोडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता चहा टाकला. तिने काही न बोलणं ही या घरातली दुर्मीळ गोष्ट आहे, म्हणून नोंद करतो.

२७ जानेवारी, मंगळवार

पुजाचा फोन. मागे थावराची ठोकाठोक चालू होती. "बापू, कसला आवाज येऊन राहिला?" मी म्हणालो, मांजर बाळंत होणार आहे, तिची सोय करतोय.   ती म्हणाली, "मांजरीसाठी गवंडी लावला?"

मी म्हणालो, "आमच्याकडं येतं त्याची आमी सोय करतो."

हे थोडं लागट झालं, मलाही कळलं. फोन शकुंतलाकडे देऊन टाकला. तिला रेंज मिळत नव्हती वाटतं. फोन कानाला लावायचा सोडून हात लांब करून तोंडासमोर धरला आणि मधल्या खोलीत फिरत राहिली, खिडकीकडे, कोनाड्याकडे, नव्या न्हाणीघराच्या कामाकडे, फरशीच्या थप्पीकडे, परत पलंगाकडे. या कंपनीची रेंज फारच वाईट आहे. नवीन कार्ड घ्यायला पाहिजे.

२ फेब्रुवारी, सोमवार

नरसिंगच्या ट्रॅक्टरने मुरूम आणून गल्लीतले खड्डे बुजवले. जनावरांचे डॉक्टर औंढ्याहून जीप घेऊन येतात. ऐनवेळी मांजर अडली तर जीप दारापर्यंत यायला नको का? शेजाऱ्यांनी आशीर्वाद दिले. बद्रुद्दीन म्हणाला, "उत्तमभाऊ, ग्रामपंचायतीला उभं राहा तुमी. पुढच्या वर्षी कुत्री बाळंत झाली तर डांबर बी पडंल."

नंतर नांदेडला गेलो. तिथे कुत्र्या-मांजरांचे खास डॉक्टर आहेत. ते म्हणाले, मांजरीला काही करू नका, तिला सगळं कळतं. एवढंच ऐकायला मी नांदेडला गेलो होतो का? परत येताना रस्त्यात बायकांचा एक मोठा दवाखाना दिसला. बस यायला वेळ होता म्हणून सहज आत डोकावलो. स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाई तिथेच वरच्या मजल्यावर राहतात, म्हणजे केव्हाही हजर. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हणालो, "आहे एक." तिने दवाखान्याचं कार्ड दिलं ते खिशात ठेवलं. फेकायचं कशाला?

येताना रस्त्यावरचे सगळे खराब तुकडे लक्षात ठेवले. सवय, दुसरं काय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अमिनाबीचा मुलगा साजीद इन्व्हर्टर बसवून गेला. म्हणाला, "काका, मांजरीला अंधारात दिसतं की." मी म्हणालो, "तिला दिसतं. पिल्लांना दिसत न्हाई, त्यांचे डोळे मिटलेले असत्यात." 

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मोठा घात झाला.

सगळं तयार. आंब्याच्या फळ्यांची पेटी मी स्वतः ठोकून केली, कोपरे घासले, आत बद्रुद्दीनच्या दुकानातला धुतल्यासारखा पांढरा कापूस, वर शकुंतलाच्या जुन्या मऊ लुगड्याची घडी. पेटी पलंगाशेजारी मांडली. कंडक्टरबाईला उचलून आणून आत ठेवलं. तिने कापूस हुंगला. एकदा हुंगला, परत हुंगला, आणि टुणकन उडी मारून भिंतीवरून थेट अमिनाबीकडे!

परत आणली. परत गेली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा मी दार लावून घेतलं. जाळ्या पक्क्या आहेतच. मी म्हणालो, राहा आता. बाहेर बोका आहे, धूळ आहे, इथे काय कमी आहे तुला? ती दाराच्या फटीशी बसून ओरडत राहिली. दुधाला तोंड लावलं नाही. संध्याकाळी मासळी आणून ठेवली, तीही तशीच. एवढं केलं आणि तिला किंमत नाही. खूप राग आला आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मांजर सकाळपासून तशीच ओरडते आहे. आवाज बसला आहे तिचा. अमिनाबी पुन्हा न्यायला आली, मी तिला दारातूनच परत पाठवलं.

दुपारी जेवायला बसलो. शकुंतलाने भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "पुन्याच्या विहीणबाई बी असंच म्हनत असतील. आमी समदी सोय केली, मंग माहेरी काहून धाडायचं?"

एवढंच बोलली आणि तव्याकडे वळली.  पाणी प्यायलो. उठून मधल्या खोलीच्या दारापाशी गेलो. आत ती ओरडत होती, बाहेर मी उभा होतो, आणि कडी माझ्या हातात होती.

जेवण टाकलं. पुढे काही लिहवत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दार उघडलं. तिला टोपलीत घेतलं. शकुंतलाने टोपलीत मूठभर तांदूळ टाकले, हळदीकुंकू लावलं मांजरीला! आणि वर लुगड्याची घडी दिली. मी टोपली घेऊन पुढच्या दाराने, रीतीने, गल्लीतून वळसा घालून अमिनाबीच्या दारात गेलो. भिंतीवरून देता आली असती. पण लेकीला कोणी भिंतीवरून माहेरी पाठवतं का?

"घ्या भाभी. लेक तुमची. नीट सांभाळा."

अमिनाबीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "आत या भाऊ, चाय घ्या." चहा पिताना मी म्हणालो, "भाभी, तुमचं नशीब चांगलं. लेक येते म्हणते. आमची तर न्हाईच म्हणाली."

तशी ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "न्हाई म्हनली? आन् तुमी न्यायला कधी गेलते?"

मी म्हणालो, न्यायला कशाला जायचं, तिनेच सांगितलं ना पुण्यात करणार म्हणून.

"या अल्ला! अवो, लेक आपली आपन उठून येती का कधी? ह्या मांजरीसाठी मी दोनदा आले तुमच्या दारात. तुमी हाकललं तरी आले. आन् तुमी जित्याजागत्या पोरीला न्यायला गेले न्हाई, बोलावलं बी न्हाई, आन् ती येत न्हाई म्हनून बसून राहिले? मुराळी न्हाई गेला तर पोरीनं सासूला काय सांगायचं?"

मुराळी. माहेरहून लेकीला न्यायला जाणारा माणूस. माझ्या बहिणींचा मुराळी मीच होतो. तांड्यावरून पायी जाऊन त्यांना आणायचो, पाऊस असो की ऊन. आणि एवढा मोठा रिवाज मी स्वतःच्या लेकीच्या वेळी साफ विसरलो! निळी फरशी घातली, गल्ली भरली, इन्व्हर्टर बसवला, आणि "ये" हा एक शब्द म्हणायचा राहिला. अर्थात फरशी मांजरीसाठी होती, ते वेगळं.

घरी आलो, चुना मारलेल्या रिकाम्या खोलीत पलंगावर बसलो आणि रडलो. शकुंतला दारात आली. मला वाटलं टोमणा मारेल. ती म्हणाली, "बॅग भरून ठिवली तुमची. लाडू बी बांधले. परवाच्या गाडीनं निघा." लाडू म्हणजे डिंकाचे. ते काही एका सकाळी होत नाहीत. केव्हा केले कोण जाणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. पुणे

गाडीतून आलो, प्रवासी म्हणून. ड्रायव्हर पोरगा गेअर टाकताना गाडीचा जीव घेत होता. बोललो नाही. माझं डोकं भाषणात गुंतलं होतं. विहीणबाईंना काय सांगायचं ते मी परभणीपासून घोकत होतो: नांदेडचा दवाखाना, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, रस्त्याचे तुकडे, सगळं. खिशात ते कार्डही होतं.

दार जावई जगनने उघडलं. विहीणबाई समोर आल्या. मी पाणी घेण्याआधीच म्हणालो, "विहीणबाई, मी मुराळी म्हणून आलोय. पुजाला न्यायला."

त्या म्हणाल्या, "किती उशीर केलात हो! आम्ही रोज वाट बघतोय. पोरगी रोज दाराकडे डोळे लावते, मी म्हणायचे, येतील, वडील माणूस आहेत, न नेतील कसे? आणि संडास मात्र फार छान बांधलात, ती निळी फरशी मला फार आवडली."

भाषणातलं एक वाक्यसुद्धा वापरावं लागलं नाही. फरशीचा रंग त्यांना कसा कळला, हे मात्र कळलं नाही.

पुजा आतून आली. चालणं जड झालं आहे तिचं. चेहरा भरला आहे, अगदी तिच्या आईसारखा. मी काही म्हणायच्या आत तिने विचारलं, "बापू, इतके दिवस 'ये' का नाही म्हणालात? मी म्हणाले इथं करायचं म्हणतात, तर तुम्ही झटक्यात 'बराबर आहे' म्हणून मोकळे. मला वाटलं तुम्हाला झेपणार नाही, म्हणून नको असेल."

मी म्हणालो, "चल." तिने ते ऐकलं आणि कोपऱ्यातली बॅग दाखवली. भरलेली होती. चेनला कुलूपही लावून झालं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जगनची गाडी, पण चालवली मी. त्याला म्हणालो, तू मागे बस, तुझ्या बायकोला धर. आयुष्यात इतकी हळू गाडी कधी चालवली नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न मारमारून थकले. प्रत्येक गतिरोधकाशी मी गाडी अशी नेली की पुजाच्या हातातल्या ग्लासातलं पाणी हलू नये. तीसुद्धा मुद्दाम ग्लास धरून बसली होती, परीक्षा घ्यायला. एकदाच सांडलं, जिंतूरच्या पुढे. तो गतिरोधक बेकायदा होता.

गल्लीत शिरताना ती म्हणाली, "अय्या, रस्ता केव्हा झाला?" मी म्हणालो, "मांजरीच्या डॉक्टरसाठी." ती खिडकीबाहेर बघायला लागली. खांदे हलत होते. दमली असेल.

दारात शकुंतलाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. भिंतीपलीकडून अमिनाबी ओरडली, "उत्तमभाऊ! मुबारक! शहजादीला चार झाले! माजी बी सुटली, आता तुमची सुटंल!"

गल्लीभर ऐकू गेलं. मलाही तेच पाहिजे होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पुजाला नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. सगळं ठीक. मीही तिथे बीपी तपासून घेतलं. गोळी अर्धी केली त्यांनी.

४ मार्च, धुळवड

आमच्या बंजारा लोकांत होळीचा उत्साह फार. पहाटेपासून तांड्यावरची मंडळी डफ घेऊन गावात आली, लेंगी गाणी म्हणत घरोघर फिरली. आमच्या गल्लीत तर पुजा आली म्हणून मुद्दाम थांबून नाचली. अमिनाबीचा रोजा, तरी ती दारात उभी राहून टाळ्या देत होती.

त्या डफाने कंडक्टरबाई बिथरली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. तिने एका सकाळीच ती फेरी उरकली असावी. साजीदने तिला पिठाच्या गिरणीत बघितलं, थावराच्या बायकोने तिच्या पडवीत. अमिनाबी अस्वस्थ होऊन गल्लीत शोधत फिरत होती, मी तिच्यामागे. चेकर बोका गिरणीच्या पत्र्यावर बसलेला दिसला. दगड उचलून धावलो. नरसिंग म्हणतो, काका तुम्ही या वयात पत्र्यावर चढलात. मला आठवत नाही. बोका मात्र गावाबाहेर पळाला, एवढं खरं.

घामाघूम होऊन घरी आलो, तर शकुंतला तोंडावर बोट ठेवून उभी. "हळू. आत बघा."

मधल्या खोलीत पुजा पलंगावर कुशीवर झोपलेली. पलंगाशेजारी माझी आंब्याच्या फळ्यांची पेटी. तिच्यात पुजाने बाळासाठी धुतलेली झबली, टोपडी घड्या घालून ठेवली होती. आणि त्या झबल्यांवर कंडक्टरबाई ऐसपैस पसरलेली, चारही पिल्लं पोटाला लुचत होती. एकाच्या अंगावर तोच तिरका काळा पट्टा. माझ्याच पेटीत! महिनाभर जिला नाकारलं त्याच पेटीत!

शकुंतला मांजरीला उठवायला पुढे झाली, "झबली नासतील." पुजाला जाग आली. ती आईला म्हणाली, "राहू द्या याडी. तिचं माहेर झालं, आता ती सासरी आलीय." अमिनाबी दारातून बघत होती. ती म्हणाली, "सासर कसलं? दोन्ही घरं तिचीच." आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, शकुंतलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायलाच लागली. आनंदाने. मीही थोडा.

बायका गेल्यावर पुजाने मला जवळ बोलावलं. "बापू, एक खरं सांगा. ही खोली तुम्ही कोणासाठी केली?"

"मांजरीसाठी."

"जाळी?"

"मांजरीसाठी."

"आणि कमोड?"

मी थोडा वेळ विचार केला. "तोही," म्हणालो.

ती हसायला लागली. पोटावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता माझा हात धरून तिने पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. चांगली जोरात.

दोन पहिलटकरणी, माझ्या घरात, एका खोलीत. आज लिहायला राग नव्हता, तरी लिहिलं.